स्वतःचं छोटं विमान सांभाळताना: जुन्या सेस्ना १७२ची देखभाल आणि बिघाडांचा माग

अमेरिकेत हौसेनं पायलटचं लायसन्स काढलेल्या मराठी मित्रांचे मला अधूनमधून फोन येतात. प्रश्न ठरलेला असतो, "भाड्याच्या विमानाला कंटाळलोय, स्वतःचं घेऊ का?" घ्या, असंच मी म्हणतो. पण त्यानंतर तासभर मी किमतीबद्दल फारसं बोलत नाही. बोलतो ते ओल, गंज, पेट्रोलमधलं शिसं आणि नोंदवही (लॉगबुक) यांबद्दल. तेच इथे एकदा नीट मांडतो.

उदाहरण माझ्या विमानाचं घेतो, म्हणजे हवेत गोष्टी राहणार नाहीत. १९७५ सालचं सेस्ना १७२एम. पंख वर, चार आसनं, पुढे लायकॉमिंग कंपनीचं ओ-३२०-ई२डी इंजिन: चार सिलिंडर, १५० अश्वशक्ती, कार्ब्युरेटर आणि पात्यांचा कोन न बदलणारा पंखा. दोन्ही टाक्यांत मिळून ४२ गॅलन पेट्रोल मावतं, त्यातलं ३८ वापरता येतं, आणि तासाला साधारण ८ गॅलन लागतं. १७२ची ४४ हजारांहून जास्त विमानं बनली आहेत. जगात दुसऱ्या कुठल्याच विमानाची इतकी संख्या नाही. म्हणून सुटे भाग मिळतात आणि कुठल्याही लहान विमानतळावर या विमानाची नस ओळखणारा मेकॅनिक भेटतो. पहिल्या विमानासाठी याहून मोठा गुण नाही.

घेण्याआधी

सर्वांत आधी नोंदणीची गोष्ट, कारण आपल्या बऱ्याच लोकांना ती सौदा ठरल्यावर कळते. अमेरिकेत विमान स्वतःच्या नावावर करायचं तर तुम्ही तिथले नागरिक असायला हवेत, नाहीतर ग्रीन कार्डधारक. एच-१बी व्हिसावर पायलटचं लायसन्स मिळतं, पण विमान नावावर होत नाही. तिघांनी मिळून घ्यायचं ठरवलं आणि त्यातला एक जण एच-१बीवर असला, तरी नोंदणी अडते. काही जण ट्रस्टच्या मार्गानं जातात. त्यासाठी विमानांचे व्यवहार जाणणारा वकील गाठा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

जाहिरातीत पहिला आकडा असतो तो इंजिनाच्या तासांचा. "ओव्हरहॉलनंतर फक्त ६०० तास!" हे वाचून जीव हुरळतो. (ओव्हरहॉल म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्यासारखं करणं.) पण तुम्ही विचारायचं, हे ६०० तास किती वर्षांत झाले? लायकॉमिंग या इंजिनासाठी २००० तास किंवा १२ वर्षं, यांतलं जे आधी येईल त्याला ओव्हरहॉल सुचवते. खाजगी वापराच्या विमानाला ही मर्यादा कायद्यानं बंधनकारक नाही, पण तिच्यामागचं कारण खरं आहे. पंचवीस वर्षांत ६०० तास म्हणजे वर्षाला २४ तास, म्हणजे बहुतेक काळ ते विमान उभं होतं. त्यापेक्षा आठ वर्षांत १४०० तास उडालेलं इंजिन मी डोळे मिटून पसंत करेन.

एक बारकावा. १९७७ ते १९८० या काळातल्या १७२एनमध्ये ओ-३२०-एच२एडी हे इंजिन आलं. त्याच्या कॅमशाफ्ट आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा आणि त्यावर टेकणारा भाग) यांच्या झिजेनं मालकांना बराच त्रास दिला. नंतर सुधारणा झाल्या आणि चांगली सांभाळलेली एच२एडी इंजिनं आजही उडतात. तरी ते विमान पाहताना तेलाची आणि फिल्टरची नोंद दुप्पट बारकाईनं वाचा.

खरेदीपूर्व तपासणी अशा मेकॅनिककडून करून घ्या ज्यानं त्या विमानाला आधी कधी हात लावलेला नाही. विक्रेत्याचा नेहमीचा मेकॅनिक कितीही प्रामाणिक असला, तरी माणूस स्वतःच्याच कामातली चूक पाहू शकत नाही. चारही सिलिंडरचं कम्प्रेशन, बोरस्कोपनं (आत घालायच्या छोट्या कॅमेऱ्यानं) एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे फोटो, फिल्टर कापून आतली घडी, शेपटीकडच्या पोकळीतला गंज, बॅटरीच्या पेटीखालचा पत्रा, सीटचे रूळ, एवढं तर हवंच. ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या (अमेरिकी विमान नियामक संस्थेच्या) नोंदणी कार्यालयातून त्या विमानाची पूर्ण फाइल मागवता येते. त्यातले मोठ्या दुरुस्तीचे ३३७ नंबरचे फॉर्म लॉगबुकशी ताडून बघा. फॉर्ममध्ये पंख बदलल्याचं आहे आणि लॉगबुकात अवाक्षर नाही, असं आढळलं तर तिथून निघा.

खर्चाचं गणित दोन रकान्यांत मांडा. विमान उडो न उडो, हँगर, विमा आणि वार्षिक तपासणी हे पैसे जातातच. उडाल्यावर पेट्रोल, तेल आणि इंजिनाचा राखीव निधी. हा शेवटचा लोक विसरतात. समजा ओव्हरहॉलला ३६ हजार डॉलर लागणार असतील, तर २००० तासांनी भागून तासाला १८ डॉलर होतात. प्रत्येक उड्डाणानंतर तेवढे वेगळ्या खात्यात टाका. विमान खरेदीत सगळी शिल्लक घालवून पहिल्याच वर्षी सिलिंडर बदलायची वेळ आलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांची विमानं दोन-दोन वर्षं उभी राहिली, आणि मग पुढचं नुकसान त्या उभं राहण्यानंच केलं.

जबाबदारी कोणाची

अमेरिकी नियमांप्रमाणे विमान उडण्यायोग्य ठेवण्याची पहिली जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची आहे. मेकॅनिक त्यानं केलेल्या कामाला जबाबदार असतो. कुठली तपासणी कधी संपते आणि कुठला एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (सुरक्षेसाठी काढलेला एफएएचा सक्तीचा आदेश) आपल्या विमानाला लागू होतो, हे लक्षात ठेवणं मालकाचं काम आहे.

मी हँगरच्या भिंतीवर मोठा कागद लावला आहे. त्यावर वार्षिक तपासणी दर १२ महिन्यांनी, ट्रान्सपॉन्डरची (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राची) चाचणी दर २४ महिन्यांनी, आणि ढगांतून उपकरणांच्या आधारे उडायचं असेल तर उंचीमापक व त्याला बाहेरच्या हवेचा दाब पुरवणाऱ्या स्टॅटिक यंत्रणेची चाचणीही दर २४ महिन्यांनी. अपघातानंतर संदेश पाठवणाऱ्या ईएलटीची पाहणी १२ महिन्यांनी, आणि त्याची बॅटरी निम्मं आयुष्य संपलं किंवा एकूण एक तास वापर झाला की नवी. नोंदणीची मुदत आता ७ वर्षं आहे, तीही तारीख तिथेच.

पायलट-मालकाला काही कामं स्वतः करायची परवानगी आहे. तेल आणि फिल्टर बदलणं, स्पार्क प्लग काढून साफ करणं आणि बसवणं, टायर बदलणं, चाकांच्या बेअरिंगला ग्रीस भरणं, बॅटरी बदलणं, सेफ्टी वायर (भाग ढिले होऊ नयेत म्हणून बांधायची तार) घालणं अशी ही यादी आहे. काम झालं की लॉगबुकात काय केलं, कधी केलं, सही, लायसन्सचा प्रकार आणि नंबर लिहायचा. पहिल्या वेळी प्रत्येक काम मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून करा. यादीत आहे म्हणून ते आपल्याला येतंच असं नाही.

उभं विमान गंजतं

या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हा भाग राहू द्या. कोकणात पावसाळ्यात खिडकीच्या गजांना काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. बंद हँगरमध्ये, बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या इंजिनाच्या पोटातही तेच चालू असतं.

पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. त्यातली थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांजवळून खाली क्रँककेसमध्ये उतरते आणि इंजिन थंड झालं की तिथेच दव धरते. लायकॉमिंगच्या या इंजिनांत कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसवलेला असतो. विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल हळूहळू निथळून खाली जातं आणि उघड्या पोलादावर गंजाचे बारीक टिपके येतात. पुढच्या वेळी इंजिन चालू केलं की ते टिपके टॅपेटचा गुळगुळीत चेहरा किसून काढतात. नंतर रोज उडवलं तरी ती झीज थांबत नाही. आणि कॅम पाहायचा म्हटलं तर बहुधा सिलिंडर उतरवावा लागतो, त्यामुळे रोग कळतो तेव्हा बराच पुढे गेलेला असतो.

यावर बरेच मालक एक उपाय करतात आणि तोच घातक ठरतो. दर रविवारी हँगरमध्ये जाऊन दहा मिनिटं इंजिन जमिनीवर चालवतात, "फिरतं राहिलं पाहिजे" म्हणून. दहा मिनिटांत तेल तापत नाही, पाणी मात्र नवं तयार होतं. म्हणजे ओल वाढवून दार लावून घेतल्यासारखं. लायकॉमिंगचं सांगणं असं की ३० दिवसांत किमान एकदा तासभर उडवा आणि तेलाचं तापमान १६५ ते २०० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ७४ ते ९३ सेल्सिअस, या पट्ट्यात राहू द्या. माझा स्वतःचा नियम दोन आठवड्यांचा आहे. महिनाभर भारतात जायचं असेल तर भरवशाच्या पायलट मित्राचं नाव विम्यात घालून ठेवतो, तो उडवतो. सहा महिने उडणार नसेल तर मेकॅनिककडून इंजिन रीतसर जपून ठेवण्याची प्रक्रिया करून घ्या. त्यात गंजरोधक तेल आणि ओल शोषणारे प्लग येतात.

थंडी हा दुसरा शत्रू. उणे १२ सेल्सिअसच्या खाली आधी इंजिन गरम केल्याशिवाय सुरू करू नका, असं लायकॉमिंग सांगते. मी ४ सेल्सिअसच्या खालीच हीटर लावतो, आदल्या रात्री, आणि इंजिनावर जाड रजई टाकतो. थंड तेल मधासारखं घट्ट असतं, ते बेअरिंगपर्यंत पोहोचेपर्यंत धातू धातूवर घासतो.

तेल बदलणं, पायरी पायरीनं

फिल्टर असेल तर ५० तासांनी, नुसती जाळी असेल तर २५ तासांनी, आणि तास भरले नाहीत तरी चार महिन्यांनी. १७२एमवर फिल्टर सर्वत्र नसतो. तुमच्यावर जाळी असेल तर फिल्टरचा अडॅप्टर बसवून घेण्यात पैसे घाला.

१. वीस-तीस मिनिटं उडून या. गरम तेलासोबत गाळही निघून येतो.

२. खाली बादली ठेवून तेल सोडा. पहिला पेलाभर जाऊ द्या, मग मधल्या धारेतून प्रयोगशाळेसाठी छोटी बाटली भरा.

३. फिल्टर काढण्याआधी त्याला वरून भोक पाडून आतलं तेल उतरू द्या, नाहीतर ते सगळं फायरवॉलवर (इंजिनामागच्या पत्र्यावर) सांडतं.

४. कॅन कापायच्या कटरनं फिल्टर कापा. करवत वापरू नका, तिचाच कीस आत पडतो आणि घाबरायला होतं. कागदाची घडी उलगडून उजेडात धरा, सॉल्व्हंटमध्ये खळबळून त्या सॉल्व्हंटमधून चुंबक फिरवा. काळे, चुरगळणारे कण बहुतेकदा कार्बन असतो. चुंबकाला चिकटणारे चकचकीत तुकडे दिसले तर थांबा आणि मेकॅनिकला दाखवल्याशिवाय उडू नका.

५. नव्या फिल्टरच्या रबराला डीसी-४ ग्रीसचा पातळ हात, मग टॉर्क रेंचनं चॅम्पियनच्या फिल्टरला १६ ते १८ फूट-पाउंड. त्यावर ०.०३२ इंची सेफ्टी वायर, अशी की ती ओढली तर फिल्टर घट्ट व्हायच्या दिशेला जावा.

६. ड्रेनचा प्लग बंद केला का, ते तेल ओतण्याआधी हातानं चाचपून बघा.

७. दोन मिनिटं इंजिन चालवा, बंद करा, टॉर्च घेऊन गळती शोधा. मग लॉगबुक.

या इंजिनात ८ क्वार्ट तेल मावतं (क्वार्ट म्हणजे लिटरहून थोडं कमी). मी पावणेसातच्या वर भरत नाही, कारण वरचं ब्रीदरमधून (इंजिनाच्या हवा सोडणाऱ्या नळीतून) पोटाखाली उडतं. ६च्या खाली उड्डाण नाही. लायकॉमिंगच्या सूत्रानुसार या इंजिनाला तासाला सुमारे अर्धा क्वार्ट तेल खाण्याची वरची मर्यादा आहे, पण त्या आकड्यावर विसंबू नका. बारा तासांत एक क्वार्ट घेणारं इंजिन अचानक पाच तासांत एक क्वार्ट घेऊ लागलं, तर मर्यादेत असूनही काहीतरी बदललं आहे. प्रयोगशाळेच्या अहवालाचंही तसंच. एका अहवालातून थोडंच कळतं, सलग पाच अहवालांत लोखंडाचा आकडा चढत गेला तर तो कॅमकडे बोट दाखवतो.

शिसं, प्लग आणि मॅग्नेटो

हे इंजिन ८० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनवलं गेलं. ते आता पंपावर मिळत नाही. बहुतेक ठिकाणी मिळतं ते निळं १००एलएल, ज्यात टेट्राएथिल लेडच्या रूपात लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असतं. नाव 'लो लेड' असलं तरी जुन्या ८०च्या तुलनेत ते बरंच आहे. प्लगचं टोक पुरेसं तापलं नाही की हे शिसं राखाडी मणी होऊन तिथे साचतं आणि ठिणगी मरते. खालचे प्लग आधी बळी पडतात.

उपाय साधा आहे. इंजिन सुरू झालं की टॅक्सी करतानाच (जमिनीवर विमान चालवतानाच) मिक्श्चर भरपूर लीन करा, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी करा. इतकं की चुकून पूर्ण थ्रॉटल दिला तर इंजिन अडखळलंच पाहिजे. अर्धवट लीन करण्यात धोका आहे, कारण तसंच टेकऑफला निघालात तर कळणार नाही. १००० ते १२०० आरपीएमवर ठेवा, ६००वर खोळंबून राहू नका.

रन-अपला (टेकऑफआधीच्या इंजिन तपासणीत) १७०० आरपीएमवर दोन्ही मॅग्नेटो (प्लगना ठिणगी पुरवणारी यंत्रं) पाळीपाळीनं तपासताना १७२एमच्या पुस्तकात दोन आकडे आहेत. एकावर १२५ आरपीएमहून जास्त उतार नको, आणि दोहोंतला फरक ५०हून जास्त नको. आकड्यापेक्षा आवाज जास्त सांगतो.

उतार पडला आणि इंजिन थरथरू लागलं, तर एक प्लग किंवा त्याची वायर काम करत नाही. दोन्ही मॅग्नेटोवर घ्या, २००० आरपीएमच्या आसपास नेऊन मिक्श्चर कमाल आरपीएमपर्यंत लीन करा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा तपासा. साफ झालं तर शिसं होतं. दोनदा करूनही गेलं नाही तर हँगरला परत या.

उतार मोठा पण इंजिन गुळगुळीत चालतंय, तर प्लग नव्हे, मॅग्नेटोचं टायमिंग बघायला सांगा.

उतार अजिबातच नाही, तर खूश होऊ नका. त्या मॅग्नेटोची पी-लीड (त्याला बंद करणारी वायर) तुटली असू शकते, म्हणजे चावी बंद केली तरी तो जिवंत राहतो. अशा विमानाचा पंखा हातानं फिरवला तर इंजिन अचानक सुरू होऊन माणसाचा जीव जाऊ शकतो. पंखा नेहमी 'जिवंत आहे' असं समजूनच वागा, ज्याच्या खिशात चावी आहे त्यानंही.

कोणता सिलिंडर मेला ते शोधायला थर्मल गनही (लांबून तापमान मोजणारं यंत्र) पुरते. बिघडलेल्या मॅग्नेटोवर मिनिटभर चालवून तसंच बंद करा आणि चारही एक्झॉस्ट पाइपांचं तापमान पाहा. जो थंड, तिथला प्लग काढा. शिशाचे मणी टोकदार सुईनं टोकरून काढा, चिनी मातीच्या भागाला धक्का लावू नका. मिटरनं रोध मोजा, ५००० ओहमच्या वर गेला तर प्लग टाकून द्या. हातातून खाली पडलेला प्लगही टाकून द्या, दिसायला धड असला तरी. बसवताना नवं तांब्याचं वायसर आणि ३५ फूट-पाउंड. स्लिकचे मॅग्नेटो दर ५०० तासांनी उघडून तपासून घ्यायचे असतात. बंद पडेपर्यंत वाट पाहणारे लोक हमखास घरापासून दोनशे मैलांवर अडकतात.

सकाळी अडखळणारं इंजिन

तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरच्या एका सकाळी माझं इंजिन सुरू झालं आणि पहिला मिनिटभर तीन सिलिंडरवर चालल्यासारखं धडधडलं. मग आपोआप शांत झालं. रन-अप उत्तम. मी उडून आलो. पुढच्या आठवड्यात तसंच. थंडी आहे, असं म्हणून मी आणखी दोनदा उडलो. ते करायला नको होतं.

मेकॅनिक लोक याला 'मॉर्निंग सिकनेस' म्हणतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी ज्या गाइडमध्ये सरकते तिथे जळक्या तेलाचा आणि शिशाचा थर बसतो. थंड असताना जागा अपुरी पडते आणि व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकतो. गरम झालं की सुटतो. कधीतरी सुटत नाही. मग पुशरॉड वाकते आणि उड्डाणातच एक सिलिंडर जातो. लायकॉमिंगनं ३८८ क्रमांकाच्या सर्व्हिस बुलेटिनमध्ये ठरावीक तासांनी, किंवा शंका आली तर लगेच, गाइडची ढिलाई मोजायला सांगितलं आहे. सिलिंडर न उतरवता, व्हॉल्व्ह आत ढकलून, गाइड रीमरनं साफ करण्याची पद्धतही आहे. माझ्या तिसऱ्या सिलिंडरचं काम एका दिवसात झालं. मेकॅनिकनं रीमरला लागलेली काळी काजळी बोटावर घेऊन दाखवली तेव्हा मला त्या दोन उड्डाणांची आठवण झाली. तेव्हापासून इंजिन अडखळत सुरू झालं की मी ते बंद करतो आणि फोन उचलतो.

कम्प्रेशन चाचणीत ८० पीएसआयची हवा आत सोडून किती टिकते ते पाहतात. आकड्यासोबत गळतीचा आवाज कुठून येतो ते ऐका. एक्झॉस्ट पाइपातून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आला तर इनटेक, तेलाच्या नळीतून आला तर रिंगा. ६०च्या खाली गेला तर गंभीर, पण एका मोजमापावरून सिलिंडर उतरवू नका. तासभर उडून, गरम असतानाच पुन्हा मोजा. बोरस्कोपमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरचे रंग गोल वर्तुळात असले तर ठीक. एका कडेला वेगळाच डाग दिसला तर तो व्हॉल्व्ह जळायला लागला आहे.

कार्बन मोनॉक्साइड

यावर मी कोणाशीही तडजोड करत नाही. १७२मध्ये केबिनची गरम हवा सायलेन्सरभोवतीच्या पत्र्याच्या आवरणातून येते. सायलेन्सरला चीर पडली की हीटर ओढताच एक्झॉस्ट थेट तुमच्या आणि मागच्या सीटवर झोपलेल्या मुलांच्या नाकात. वास येईलच असं नाही. वार्षिक तपासणीत आवरण काढून, सायलेन्सरमध्ये हवा भरून, साबणाच्या पाण्यानं गळती पाहायला सांगा. रंग बदलणाऱ्या स्वस्त कागदी ठिपक्यावर विसंबू नका. आवाज करणारा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर लावा. डोकं जड वाटलं, तर हीटर बंद, ताजी हवा पूर्ण उघडी, आणि जवळच्या विमानतळावर उतरा.

पेट्रोल, हवा, वीज

जुन्या सेस्नाच्या टाकीची झाकणं पंखाच्या पृष्ठभागाशी सपाट बसतात आणि त्यांचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी आत जातं. बाहेर उभं असलेल्या विमानाच्या तिन्ही ठिकाणांहून, दोन पंख आणि पुढचा गाळणीचा कप, उड्डाणाआधी इंधन काढून पाहा. पूर्ण पेला पाण्याचाच असला तर रेषा दिसत नाही, म्हणून निळा रंग आणि वास दोन्ही तपासा. जेट इंधनाची शंका असेल तर कागदावर थेंब टाका. १००एलएल उडून जातं, जेटचा तेलकट डाग राहतो.

डाव्या पंखाखाली टाकीचा व्हेंट (आत हवा घेणारी नळी) आहे. मातीचं घर करणारी गांधीलमाशी एका आठवड्यात तो बुजवते. दोन्ही टाक्या कमी-जास्त रिकाम्या होणं १७२मध्ये नेहमीचं आहे, पण एक टाकी जवळपास हललीच नाही तर आधी व्हेंट बघा. वसंतात पक्षी काही तासांत इंजिनावर घरटं रचतात, तेव्हा झाकणातून टॉर्च मारून पाहा.

दमट हवेत आरपीएम हळूहळू उतरू लागला आणि तुम्ही थ्रॉटलला हात लावलेला नाही, तर कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतोय. वीस सेल्सिअसच्या हवेतही ते होतं. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) पूर्ण ओढा. इंजिन आणखी अडखळेल, कारण वितळलेलं पाणी आत जातं. त्या क्षणी घाबरून हीट बंद करणं ही चूक बरेच जण करतात. धरून ठेवा, आरपीएम परत येतो.

अल्टरनेटर गेल्याचा दिवा लागला तर मास्टर स्विचची अल्टरनेटरकडची बाजू एकदा बंद-चालू करा. परत आला तर जास्तीच्या व्होल्टेजनं तो तात्पुरता सुटला होता. नाही आला तर एक रेडिओ ठेवून बाकी बंद, आणि दिवस असेल तर निवांत उतरा. इंजिन मॅग्नेटोवर चालतं, विजेवर नाही. जमिनीवर आधी पट्ट्याचा ताण, मग मागची फील्ड वायर, मग ब्रश, या क्रमानं शोधा. नवा अल्टरनेटर विकत घेण्याआधी बऱ्याचदा ढिली वायर सापडते.

चाकं आणि ब्रेक

मागच्या टायरमध्ये २९ पीएसआय, पुढच्या ५.००-५ टायरमध्ये ३१. पुढचं चाक थरथरत असेल तर लगेच शिमी डॅम्परला (थरथर जिरवणाऱ्या भागाला) दोष देऊ नका. आधी टॉर्क लिंकच्या (चाक सरळ ठेवणाऱ्या जोडाच्या) बुशांतली ढिलाई आणि टायरचा तोल पाहा. ब्रेकमध्ये लाल एमआयएल-एच-५६०६ तेलच जातं. गाडीचं ब्रेक ऑइल टाकलं तर सगळी रबरं फुगून सडतात, आणि मग पूर्ण यंत्रणा उघडावी लागते.

वार्षिक तपासणी

मालकानं हातभार लावून केलेली वार्षिक तपासणी हे माझ्या वर्षातले सर्वांत शिकवणारे दिवस असतात. पॅनेल मी उघडतो, सीट मी काढतो, साफसफाई मी करतो, तपासतो मात्र अधिकृत मेकॅनिक आणि सही त्याचीच. सीटच्या रुळांवर विशेष लक्ष असू द्या, त्यासाठी वेगळा डायरेक्टिव्हच आहे. रुळाची भोकं झिजून पिन सुटली की टेकऑफच्या वेळी सीट मागे सरकते, पायलटच्या हातात धरलेलं योकही (विमानाचं सुकाणू) सोबत ओढलं जातं आणि नाक वर जातं. आधीच मेकॅनिकशी लिहून ठरवा की ठरावीक रकमेच्या वर काहीही करण्याआधी फोन करायचा.

घरापासून लांब बिघडलं तर

विमानात मी छोटी पेटी ठेवतो: प्लगचा पाना, दोन प्लग आणि वायसर, सेफ्टी वायर आणि पक्कड, दोन क्वार्ट तेल, थर्मल गन, टायरचं गेज, टॉर्च, आणि लॉगबुकांच्या पानांचे फोटो फोनमध्ये. खरी लॉगबुकं विमानात ठेवू नका, ती हरवली तर विमानाची किंमत घसरते.

परगावी बिघाड झाला की आधी घरच्या मेकॅनिकला फोन, आवाजाचं रेकॉर्डिंग आणि आकडे पाठवून. मग तिथल्या दुकानाला. दुरुस्ती तिथे होणार नसेल पण विमान एकदा सुखरूप उडू शकतं असं मेकॅनिक लिहून देत असेल, तर एफएएकडून त्या एका उड्डाणापुरती विशेष परवानगी मागता येते. त्यात प्रवासी नेत नाहीत. आणि त्या संध्याकाळी घरी परतायचंच असेल तर गाडी भाड्यानं घ्या. निघण्याआधी विमान तिन्ही दोरांनी बांधा, योकला कुलूप, पिटोवर (वेग मोजणाऱ्या नळीवर) आवरण, इंजिनाच्या तोंडाला बोळे, आणि विमानतळाच्या कचेरीत तुमचा फोन नंबर.